दहा किलोमीटर सूत, भागिले किती?

साधा सुती टी-शर्ट तराजूत टाकला तर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याची वीण उसवून सगळं सूत सरळ ओढत नेलं, तर ते कुठवर जाईल? गिरणीतल्या माणसाला हे गणित तोंडपाठ असतं. टी-शर्टला बहुतेक वेळा तीस नंबरचं सूत लागतं. तीस नंबर म्हणजे एका पौंडात तीस लडी, आणि एक लड ८४० यार्डांची. किलो-मीटरच्या मापात उतरवलं की किलोला पन्नास किलोमीटर, दोनशे ग्रॅमला दहा. एक टोक चर्चगेटला बांधलं तर दुसरं दादरला उतरेल. सेलमध्ये ‘दोनावर एक फुकट’ घेणारा माणूस मालाडपर्यंतचं सूत पिशवीत घालून घरी येतो.

हे सूत मुळात यवतमाळ-वर्ध्याकडच्या काळ्या रानात पऱ्हाटीवर लागतं. एका बोंडातून सरकीसकट चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की शंभर किलोतून चौतीस-पस्तीस किलो रुई हाती येते. पुढे पिंजताना, कातताना, बेतताना आणखी थोडी थोडी गळते. मागे मागे हिशेब करत गेलं तर एका टी-शर्टला पाऊण किलो कापूस लागतो, म्हणजे दीडशेच्या वर बोंडं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हे काम यंत्र करतं. आपल्याकडे कमरेला ओटी बांधलेली बाई करते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचणीच्या दिवसांत बोटांची टोकं आणि नखांच्या कडा सोलून निघतात, आणि वाकून वाकून कंबर धरते ती वेगळीच. दिवसाला चाळीस किलो वेचणारी बाई जवळजवळ नऊ हजार बोंडांना हात घालते. त्या दिवसभराच्या कापसातून पन्नासेक टी-शर्ट निघतात.

पैशाचं बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. त्या भावानं पाऊण किलोचे झाले साठ रुपये. हमीभाव प्रत्येकाच्या पदरात पडतोच असं नाही, पण धरून चालू. वेचणीला किलोमागे दहा-बारा रुपये दिले, तर एका टी-शर्टच्या वाट्याला वेचणीचे आठ-नऊ रुपये येतात. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, गुलाबी बोंडअळी हे सगळं उरलेल्या पन्नास रुपयांत. आता मोबाइलवर १९९ रुपयांचा टी-शर्ट दिसला की त्या किमतीत कताई, विणाई, रंगाई, शिलाई, पिशवी, घरपोच पोचवणारा मुलगा आणि विकणाऱ्याचा नफा कसा बसवला असेल, याचा जरा विचार करून बघा. बसत नाहीच. कुठेतरी कुणाचं तरी कापलेलं असतं, किंवा कापसाच्या जागी पॉलिएस्टर आलेलं असतं.

आणि आलेलंच आहे. टेक्स्टाइल एक्सचेंज ही संस्था दरवर्षी जगातल्या तंतूंचा ताळेबंद मांडते. २००० साली जगात ५ कोटी ८० लाख टन तंतू तयार झाले होते. २०२३ मध्ये १२ कोटी ४० लाख टन. तेवीस वर्षांत दुपटीच्या वर, आणि त्या काळात लोकसंख्या काही दुप्पट झालेली नाही. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा पॉलिएस्टरचा, म्हणजे अखेर खनिज तेलाचा. कापूस आता पाचव्या हिश्श्यावर आला आहे. सगळे तंतू मिळून माणशी काढलं तर वर्षाला साडेपंधरा किलो. तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत, अंगभर कपडे नसलेल्यांनाही त्यात धरलेलं आहे.

‘१२ कोटी ४० लाख टन’ हा आकडा वाचून काहीच वाटत नाही, कारण तेवढं कुणी पाहिलेलं नाही. म्हणून मघाचीच युक्ती करू. समजा हे सगळे तंतू तीस नंबरचं सूत म्हणून कातले. खरं तर त्यातले काही गालिच्यात जातात, काही गाड्यांच्या टायरात, काही डायपरमध्ये, पण समजा. किलोला पन्नास किलोमीटर, टनाला पन्नास हजार किलोमीटर. एका टनातच पृथ्वीला सव्वा वेढा बसतो. सगळे टन जोडले की ६२ वर अकरा शून्यं, इतके किलोमीटर. सूर्य इथून पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. एका वर्षाच्या सुतात सूर्यापर्यंत जाऊन परत येण्याच्या वीस हजार फेऱ्या होतात. प्रकाशाला एवढं अंतर कापायला जवळजवळ आठ महिने लागतील. आपण वर्षाला प्रकाशवर्षाचा दोन तृतीयांश हिस्सा अंगावर चढवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा कातायला घेतो.

आता पाणी. टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा शाळेच्या प्रकल्पवह्यांपर्यंत पोचला आहे. एका माणसाचं अडीच वर्षांचं पिण्याचं पाणी. आकडा खोटा नाही, पण तो सरासरीचा आहे आणि सरासरी फार मुरलेली असते. किलोभर रुईमागे जगाची सरासरी दहा हजार लिटरची सांगितली जाते, तर भारताची साडेबावीस हजारांची. हे ऐकून कुणी विदर्भातल्या शेतकऱ्याला पाण्याची उधळपट्टी करणारा ठरवला तर तो शुद्ध अन्याय. महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. जे पाणी मोजलं जातं त्यातलं पुष्कळसं आभाळातून पडलेलं असतं, आणि ते कापूस नसता तरी पडलंच असतं. मग आकडा का फुगतो? जगात हेक्टरी पावणेआठशे किलोच्या आसपास रुई निघते, आपल्याकडे साडेचारशेच्या, आणि महाराष्ट्रात त्याहूनही कमी. पाणी तेवढंच, भाजक लहान. पीक कमी आलं की प्रत्येक किलोच्या नावावर जास्त लिटर चढतात.

पाण्याची खरी लूट बघायची तर अरल समुद्राकडे जावं. मध्य आशियातलं हे सरोवर १९६० साली जगात चौथ्या क्रमांकाचं होतं. विस्तार ६८ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा. सोव्हिएत सरकारनं वाळवंटात कापूस पिकवायचा ठरवला आणि सरोवराला पाणी पुरवणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या दोन्ही नद्या कालव्यांत वळवल्या. २००७ पर्यंत सरोवर एक दशांश उरलं. उझबेकिस्तानातलं मुयनाक हे मासेमारीचं बंदर. तिथल्या होड्या आज वाळूत गंजत उभ्या आहेत आणि किनारा शंभरेक किलोमीटर दूर गेला आहे. तोही कापूस आणि आपलाही कापूस. लेबलवर दोन्हीकडे ‘१०० टक्के कॉटन’ एवढंच छापतात.

टाकून देण्याचा हिशेब काढला की मात्र शेतकरी, कालवे, हवामान यांपैकी कुणामागे लपता येत नाही. २०१७ च्या एका बहुचर्चित अहवालात जगातला वर्षाचा कापडकचरा ९ कोटी २० लाख टन धरला आहे. वर्षाचे सेकंद तीन कोटी पंधरा लाख. म्हणजे सेकंदाला तीन टन. वर सांगितलेलं उत्पादन त्याच हिशेबानं सेकंदाला चार टन पडतं. दोन्ही अंदाज वेगवेगळ्या लोकांचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नये हे मला कळतं, पण मोह आवरत नाही. त्याच वर्षी एलन मॅकआर्थर फाउंडेशननं काढलेला आकडा आणखी बोचरा आहे. कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपडा होऊन परत येतो. टाकलेल्या टी-शर्टाचा नवा टी-शर्ट होतो ही जाहिरातीतली गोष्ट आहे.

बाकीचे कुठे जातात? काही चिलीला. इकीके बंदरात वर्षाला ५९ हजार टन वापरलेले आणि न खपलेले कपडे उतरतात, आणि २०२१ च्या बातम्यांनुसार त्यातले ३९ हजार टन तरी अताकामाच्या वाळवंटात, आल्तो ओस्पिसियो गावाबाहेर साचतात. काही घानाला. अक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात आठवड्याला दीड कोटी कपडे येतात असा अंदाज आहे, आणि त्या देशाची लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या आसपास. आलेल्या गाठीतलं नेमकं किती वाया जातं यावर तिथल्या स्वयंसेवी संस्था आणि व्यापारी यांच्यात जोरदार वाद आहे. व्यापाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही दुरुस्त करून, रंगवून, पुन्हा शिवून विकतो, आणि तुम्ही आम्हालाच कचरापेटी ठरवता. मला त्यांची चीड रास्त वाटते.

काही आपल्याकडे येतात, पानिपतला. लढाईचं पानिपत मराठी माणसाला पाठ आहे, चिंध्यांचं नाही. युरोप-अमेरिकेतले गरम कपडे कांडला बंदरातून इथे येतात. पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून ते आधीच चिरलेले असतात. पानिपतच्या गोदामांत बायका जमिनीवर बसून, आपल्या विळीसारख्या उभ्या पात्यावर कोटांची बटणं, चेन, अस्तरं, लेबलं कापून काढतात. मग ढीग लागतात ते रंगांचे: लाल, निळा, राखाडी, काळा. रंगांचे ढीग लावण्यात सगळी हुशारी आहे, कारण रंगवार निवडलेल्या चिंध्यांचं सूत काढलं की ते पुन्हा रंगवावं लागत नाही. रंगाईचं पाणी आणि रसायन दोन्ही वाचतं. या सुताला शॉडी म्हणतात. १८१३ च्या सुमाराला इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये ही कला सुरू झाली आणि फिरत फिरत पानिपतला येऊन स्थिरावली. भूकंप, पूर, निर्वासितांच्या छावण्या यांत वाटली जाणारी राखाडी घोंगडी वर्षानुवर्षं इथूनच गेली. मेघना गुप्ता यांच्या २०१२ च्या ‘अनरॅव्हल’ या छोट्या माहितीपटात या बायका आपसात अंदाज बांधतात, की गोऱ्या बायका इतके चांगले कपडे का टाकत असतील? त्यांचा तर्क असा, की तिकडे पाणी फार महाग असणार. धुणं परवडत नसेल, म्हणून टाकत असतील. इतका समंजस तर्क मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही.

माणसांचा आकडा एकच सांगतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आलं. तेव्हा तिथलं किमान वेतन महिन्याला ३,००० टका होतं. २०२३ च्या डिसेंबरपासून ते १२,५०० टका झालं; कामगारांची मागणी २३ हजारांची होती.

मग बांगलादेशात शिवलेलं घेऊच नये का? हा सोपा सात्त्विक मार्ग मला पटत नाही. तिथे चाळीस लाख लोक या धंद्यावर जगतात, त्यात बायकाच जास्त, आणि देशाच्या निर्यातीतले पाचातले चार हिस्से कपड्यांचे आहेत. बहिष्काराचा पहिला फटका मालकाला बसत नाही. आपल्याकडे तिरुपूर, भिवंडी, इचलकरंजी, मालेगावातही असंच: माग थांबला की आधी चूल थांबते. युरोपातल्या कामगार-हक्क संघटनांनी मांडलेल्या एका हिशेबात २९ युरोंच्या टी-शर्टात शिवणाऱ्या कामगाराच्या हाती १८ सेंट पडतात. तिची मजुरी दुप्पट केली तरी किंमत शंभरात पासष्ट-सत्तर पैशांनीसुद्धा वाढत नाही. महाग पडतं ते दुकानाचं भाडं, जाहिरात आणि ‘पडून राहिला तर’ म्हणून जास्तीचा बनवलेला माल. बर्बरी या ब्रिटिश कंपनीनं एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल जाळून टाकला, हे २०१८ मध्ये तिच्या स्वतःच्या ताळेबंदातून बाहेर आलं. स्वस्तात विकला तर ब्रँडची पत जाते, म्हणून.

पर्यावरणाची काळजी असलेल्या गिऱ्हाइकाची फसगत मात्र वेगळ्या तऱ्हेनं होते. घराघरात दाराच्या खुंटीला कापडी पिशव्यांचा घड लटकलेला असतो: लग्नातली, परिसंवादातली, पुस्तक प्रदर्शनातली, बँकेच्या वर्धापनदिनाची. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये हिशेब केला. नुसता हवामानाचा विचार केला तर साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरल्यावर ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. ओझोनसकट सगळे निकष लावले तर ७,१०० वेळा. आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा, कारण सेंद्रिय कापसाचं हेक्टरी पीक कमी. पुन्हा तोच लहान भाजक! वीस हजार वेळा म्हणजे रोज भाजीला नेली तरी पंचावन्न वर्षं. या हिशेबात समुद्रात आणि गाईच्या पोटात जाणारं प्लॅस्टिक धरलेलंच नाही, त्यामुळे प्लॅस्टिकची पिशवी बरी असा त्याचा अर्थ काढणं चूक आहे. पण खुंटीवरची अकरावी पिशवी निसर्गाची सेवा करत नाही, एवढं तर मान्य करावं लागेल.

म्हणून मला खरेदीच्या आधी ‘हे सेंद्रिय आहे का’ यापेक्षा ‘हे मी किती वेळा घालीन’ हा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. पाचशेचा टी-शर्ट दहा वेळा घातला तर दर वेळचे पन्नास रुपये आणि २७० लिटर. शंभर वेळा घातला तर पाच रुपये आणि २७ लिटर. दीडशे बोंडं, दहा किलोमीटर सूत, शिवणारीचे ते १८ सेंट, सगळ्याला तोच भाजक. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेनं काढलेला हिशेब असा, की कपडा सरासरी नऊ महिने जास्त वापरला तर त्याच्या नावावरचा कार्बन, पाणी आणि कचरा प्रत्येकी वीस ते तीस टक्क्यांनी कमी होतो. उलट जग मात्र दुसऱ्या दिशेनं चाललं आहे: २००० ते २०१५ या काळात एकेक कपडा घालण्याच्या वेळा ३६ टक्क्यांनी घटल्या.

आपण या बाबतीत पूर्वापार शहाणे आहोत असं म्हणायची एक पद्धत आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. लुगडं विरलं की त्याचं धडपं व्हायचं, धडप्याची गोधडी. चार-पाच थर घालून, धावदोऱ्यानं टाचलेली. गोधडी फाटली की पायपुसणं, आणि शेवटी चुलीपाशी भांडी उतरवायचं फडकं. शहरात बोहारीण यायची, अजूनही काही गल्ल्यांत येते. तीन साड्या आणि एक पँट टाकल्यावर ती पातेलं पुढे करणार, आपण डबा मागणार, ती जरीचं टोक धरून ‘हे तर विरलंय’ म्हणणार. भारतात वर्षाला ७८ लाख टन कापडकचरा निघतो आणि त्यातला ५९ टक्के वापरात किंवा कापडउद्योगात परत जातो, असं २०२२ च्या एका पाहणीत दिसलं, त्यामागे असल्या लाखो घासाघिशी आहेत. पण ही साखळी सुती कपड्यावर उभी होती. सुती चिंधी तेल टिपते, म्हणून गॅरेज आणि कारखाने ती विकत घेतात. ताणल्या जाणाऱ्या लेगिंगची चिंधी काहीच टिपत नाही, तिची गोधडी होत नाही, आणि लायक्रा मिसळलेलं असल्यामुळे सूतही नीट निघत नाही. धुताना तिचे बारीक तंतू सुटतात ते निराळेच. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात सहा किलोंच्या एका ॲक्रिलिक धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू पाण्यात गेले.

पानिपतलाही तेच झालं. मदतकार्याला लागणारी घोंगडी आता नव्या पॉलिएस्टरच्या मऊ, रंगीत ब्लँकेटांपुढे मार खातात. ही ब्लँकेटं हलकी असतात, चटकन वाळतात आणि स्वस्त पडतात. त्यामुळे पानिपतमधल्या काही कारखानदारांनी चिंध्या सोडून तीच ब्लँकेटं बनवायला घेतली आहेत. त्यांना दोष देता येत नाही, बाजारात जे खपतं ते ते करतात.

दुरुस्तीचंही असंच अडतं. रफू करणाऱ्याकडे भोक पडलेला टी-शर्ट नेला तर तो शंभर-दीडशे सांगतो. त्याचं चूक नाही, अर्धा तास डोळे फोडायचे असतात. पण १९९ ला नवा मिळत असताना कुणी दीडशे का द्यावेत? फ्रान्सनं यावर २०२३ च्या नोव्हेंबरपासून एक तोडगा काढला आहे. कपडा किंवा बूट दुरुस्तीला दिला की बिलातून कामाप्रमाणे ६ ते २५ युरो परस्पर वजा होतात. त्यासाठी २०२८ पर्यंत १५ कोटी ४० लाख युरोंची थैली ठेवली आहे, आणि ती भरतात कपडे-बूट बाजारात आणणाऱ्या कंपन्या, विकलेल्या प्रत्येक नगामागे वर्गणी देऊन. टाचा, अस्तर, चेन, भोक, प्रत्येक कामाची रक्कम ठरलेली आहे आणि ती थेट शिंप्याच्या आणि चांभाराच्या खात्यात जमा होते.